खुर्चीचं लाकूड

खुर्चीचं लाकूड म्हणून घरातल्या सगळ्यांनी इतकी वर्षं जे पाहिलं होतं, त्याला बोटं होती. नीलमला ती दिसली तेव्हा तिच्या एका हातात नव्या टीव्हीचा रिमोट होता आणि दुसऱ्या हातात आईच्या चहाची बशी. असं काही दिसलं की हातातली वस्तू पडते, असं आपण ऐकत आलेलो असतो. तसं काही झालं नाही. बशी हातात राहिली, तिच्यातला चहासुद्धा सांडला नाही, आणि पडद्यावर आरती हसत राहिली. आरती म्हणजे नीलमची मोठी बहीण. पांढरी साडी, गळ्यात मोगऱ्याचा हार, हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरांमागच्या मैदानात घातलेला मांडव, आणि लग्न लागायच्या आधी व्हिडिओवाल्यानं घेतलेला नवरीचा एकटीचा सीन. त्या काळी वऱ्हाडातल्या लग्नाची कॅसेट या सीनशिवाय पुरी होत नसे. नवरीला खुर्चीत बसवायचं, मान खाली घालायला लावायची, मग हळूहळू वर करून कॅमेऱ्याकडं पाहून हसायला लावायचं. पुढं दुकानात बसून तेच हसू तीन-तीनदा जोडायचं, एकदा बदामाच्या आकारातून, एकदा नुसतं, एकदा गुलाबाच्या फुलातून. आरतीचं हसू बदामातून आलं, आणि पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, तिच्या उजव्या दंडावर, चार बोटं रुतलेली होती.

हे सगळं आईसाठी मांडलं होतं. आईच्या, म्हणजे पंचफुलाबाईंच्या, डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. समोर माणूस उभं राहिलं तर चेहऱ्याच्या जागी मळकट डाग आणि डागाभोवती कान, केस, खांदे शाबूत. "मले मधातलं नाही दिसत, कडंकडंचं दिसते," असं ती डॉक्टरला म्हणाली, आणि डॉक्टरनं एवढ्या अचूक सांगण्याबद्दल तिचं कौतुक केलं. कौतुक करून झाल्यावर तो म्हणाला की डाग वाढत जाईल. परतीच्या रिक्षात राजापेठेच्या गर्दीत ती म्हणाली, "आरतीले एक खेप दाखव मले. मंग गेले डोये त जाऊ दे." नीलमला यात करता येण्यासारखं काहीतरी सापडलं आणि तिला, लाज वाटावी इतकं, बरं वाटलं. शाळेत शिकवून, पेपर तपासून, आईबापाच्या गोळ्या डब्यांत भरून जे बरं वाटत नाही ते असल्या एखाद्या कामानं वाटतं. लहान टीव्हीवर आईला काही दिसणार नव्हतं. म्हणून भिंतभर मोठा टीव्ही आला. टीव्ही आला तेव्हा कळलं की घरातला व्हीसीआर केव्हाच मेलेला आहे. तो उघडला तर आत झुरळांची पिलावळ निघाली, आणि बाबा, ज्यांनी रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्या यंत्राला हात लावला नव्हता, म्हणाले, "चालत होता तो. तुमीच बिघडवला."

व्हीसीआर अकोल्यात मिळाला. मोहसीन नावाच्या माणसाकडं, ज्याचा बाप पूर्वी लग्नाकार्याला टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं द्यायचा. आता मोहसीन मोबाइल दुरुस्त करतो आणि मागच्या खोलीत बापाची मशीनं ठेवून आहे, कुणी विचारलं तर काढायची, नाही विचारलं तर बायकोची बोलणी खायची. "हेड साफ करून देल्लं मॅडम," तो म्हणाला, "पन तुमची कॅसेट पुरानी आहे. घडी घडी मागंपुढं नका करू, पट्टी तुटून जाईन." नीलमनं मान हलवली. तिचं लक्ष नव्हतं. ती अकोल्यात उतरली होती, आणि सकाळपासून तिच्या डोक्यात तेवढंच होतं. मुंबईकडं जाताना गाडी अकोल्याला थांबली की ती डोळे मिटून घ्यायची. उतरायची वेळ इतक्या वर्षांत आली नव्हती. आरती इथंच गेली. तेल्हाऱ्याला दिलेली पोरगी, लग्नाला दुसरं वर्ष लागलं आणि एका संध्याकाळी निरोप आला की स्टोव्हचा भडका झाला, अकोल्याच्या दवाखान्यात आणलंय. नीलम तेव्हा शाळेच्या गणवेशात होती. वॉर्डात शिरू दिलं नाही. बाहेरच्या बाकावर बसून तिला वास येत होता, आणि तो वास कशाचा आहे हे कळायला तिला फार वेळ लागला नाही. पोलीस जमादार आला, त्यानं बाबांना विचारलं, सासरी काही त्रास होता का. बाबा म्हणाले, "नाही जी. पोरगी सुखात होती." शेजारच्या बाकावरच्या माणिकबाई, आईची बहीण, एकदम ओरडल्या, "खोटं काहून बोलता?" आणि आईनं त्यांना धरून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं. या आठवणीत नीलमला कायम फक्त ओरडणं ऐकू यायचं. आज, हातात बशी घेऊन, तिला ते धरून नेणं दिसलं.

जोडणी तिनं स्वतः केली. टीव्हीच्या पाठीला जुन्या लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांची भोकंच नव्हती. मधे एक पांढरी डबी लागते, जुनी वायर एका बाजूनं आणि नवी चपटी पिन दुसऱ्या बाजूनं, हे तिला दुकानात सांगितलं होतं. पण डबीलाही वेगळी वीज लागते हे सांगितलं नव्हतं, त्यामुळं सकाळभर पडदा काळा राहिला. मग काळं-पांढरं चित्र वरून खाली पळत राहिलं, ते डबीवरचं एक खुट्टं सरकवल्यावर थांबलं. मग रंग आले, आणि आरती आली, आडवी, फुगलेली, चपट्या गालांची. नवा टीव्ही लांबट, जुनं चित्र चौकोनी. त्यानं आपली लांबी भरून काढायला आरतीला ओढून ताणलं होतं. आई अगदी पडद्याजवळ वेताच्या मोड्यावर बसली होती, मान वाकडी करून, कारण सरळ पाहिलं की डाग पुढं येई. ती म्हणाली, "ही आमची आरती नाही. ही कोनाची लठ्ठी पोरगी लावली व?" बाबा हसले. नीलमही हसली. ती रिमोटवर एकेक आकार बदलत गेली. एकात डोकं कापलं, एकात हनुवटी, आणि शेवटच्या 'पूर्ण चित्र' असं लिहिलेल्या आकारात आरती आपल्या मापात आली. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आणि मधे बारीक, सडसडीत, उभ्या चेहऱ्याची आरती. आईनं मान आणखी वाकडी केली आणि तोंडाला पदर लावला. सगळ्यात खाली एक पांढरी, थरथरती, फाटकी रेघ होती. तीही पूर्वी कधी दिसली नव्हती. जुन्या टीव्हीची काच चित्राच्या चारी कडा दाबून टाकत असे, म्हणजे घरातल्या माणसांनी आजवर जे पाहिलं ते चित्राच्या आतलं चित्र होतं, हे नीलमच्या लक्षात आलं आणि क्षणभर तिला गंमतच वाटली. जास्त आरती मिळाली, असं तिच्या मनात आलं. बोटं त्यानंतर दिसली.

दरवर्षी आरतीच्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला, वंदना झाली, पाहुण्यांची जेवणं झाली की बाबा ही कॅसेट लावायचे. कुणाला नको वाटलं तरी लावायचे. त्या एकटीच्या सीनपाशी आले की ते खुर्चीत पुढं सरकत आणि म्हणत, "पाहा. हासत गेली पोरगी आमच्या घरून." पाहुणे माना डोलवत. डाव्या कोपऱ्यात काहीतरी तपकिरी दिसायचं, बोटभर, आणि नीलमनं शाळेत असताना एकदा विचारलंही होतं की ते काय. "खुर्चीचं लाकूड," बाबा म्हणाले होते. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. खुर्ची होती, म्हणजे लाकूड असणार. पण आता तिला आठवलं, आणि आठवायला कसलेच कष्ट पडले नाहीत, कारण कॅसेटीत पुढं ती खुर्ची आख्खी दिसते: भाड्याची, लाल मखमलीची, सोनेरी नळ्यांची. तिच्यात लाकूड नव्हतंच. आहेराच्या वेळी माइकवरून नावं पुकारली जातात, त्या सगळ्या वेळात ती खुर्ची समोर असते, आणि तीस वर्षं घरातल्या, दारातल्या, शिकलेल्या, न शिकलेल्या एकाही माणसाला वाटलं नाही की सोनेरी नळीच्या खुर्चीला तपकिरी लाकूड कुठून येईल. नीलमला स्वतःचाही राग आला. ती तर शाळेत पोरांना निरीक्षण शिकवते.

तिसऱ्यांदा, या वेळी गुलाबातून, हसू आलं तेव्हा तिनं बोटं नीट पाहिली. अंगठा दंडाच्या मागं गेलेला. पहिलं बोट अर्धं. नखाचं पेर नाही, वरचा भाग गोल, बंद झालेला. बडनेऱ्याच्या यार्डात डबे जोडताना ते गेलं, नीलमच्या जन्माआधी. लहानपणी ती त्या अर्ध्या बोटाला धरून शाळेत जायची. पूर्ण बोटांपेक्षा ते तिच्या मुठीत बरोबर बसायचं. पाठीवर थाप पडली की डोळे मिटूनसुद्धा कळायचं, बाबांची आहे. तोच हात आरतीच्या दंडावर होता आणि दंडाचं मांस बोटांच्या मधून वर आलं होतं. लग्नानंतर आरती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा दोघी एकत्र आंघोळीचं पाणी काढत होत्या, आणि नीलमनं तिच्या दंडावरचे हिरवेनिळे डाग पाहिले होते. "बांगड्या भरताना लागलं," आरती म्हणाली होती. बांगड्या मनगटात भरतात. चौदा वर्षांच्या पोरीला हे कळत नव्हतं असं नाही. पण मोठी बहीण सांगते तेव्हा आपण ऐकून घेतो, आणि पाणी तापलेलं असतं, आणि बाहेर कुणीतरी घाई करत असतं.

ती बाबांकडं वळली नाही. ते, म्हणजे किसनराव, तिच्या मागं दिवाणावर बसले होते, पायावर शाल, कारण हल्ली त्यांना उन्हाळ्यातही पाय गार वाटत. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता. "पाहा, हासत गेली," हे आज त्यांनी म्हटलं नव्हतं, हे तिला आत्ता कळलं. म्हणजे त्यांनाही दिसलं होतं. खाली कोचिंग क्लास सुटला, पोरांनी गाड्यांना किका मारल्या, आणि त्या आवाजात नीलमला अगदी दुसरंच काही सुचत गेलं. तिला लग्नाबद्दल या घरात कुणी कधी टोचलं नव्हतं. नात्यातल्या बाया यायच्या, स्थळं सांगायच्या, आणि बाबा म्हणायचे, "तिले वाटंल तवा करंल. आमी तिले काही म्हणत नाही." शाळेतल्या मैत्रिणी हेवा करायच्या. केवढा पुढारलेला बाप, बाबासाहेबांचं खरं घेतलेला माणूस, पोरीला मोकळं सोडलं. तीही अभिमानानं सांगायची. तिनं लग्न केलं नाही, करावंसंही फारसं वाटलं नाही, आणि सगळं आपण आपल्या मर्जीनं केलं ही एक गोष्ट तिच्याकडं होती. दुसरं सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. आता तिला वाटलं, तो मोकळेपणा नव्हता. ज्या हाताला एकदा चटका बसला तो बापानं मागं घेतला होता, इतकंच. हे वाटलं आणि तिला बापाची कीव आली, आणि कीव आल्याचा इतका संताप आला की कानशिलं गरम झाली.

"हे काय हाय व खालते?" आई म्हणाली.

आई मोड्यावरून जवळजवळ पडद्याला टेकली होती. मान वाकडी, एक डोळा मिटलेला, बोट नेमकं त्या कोपऱ्यावर. आरतीचा चेहरा तिला डागामागं गेलेला असणार. मधलं काहीच दिसत नव्हतं आणि कडेचं सगळं स्वच्छ दिसत होतं. आईचे डोळे जाणार, आणि जाण्याआधी त्यांत शेवटचं काय राहील तर हे. आरतीचं हसू नाही, स्वतःच्या नवऱ्याचा हात. तेही नीलमनं स्वतः, हौसेनं, भिंतभर मोठं करून दाखवलेलं.

"खुर्ची आहे," मागून बाबा म्हणाले. आवाज कोरडा होता. "खुर्चीचं लाकूड."

नीलमनं रिमोट पुढं धरला. पूर्ण चित्राच्या आधीचा एक आकार होता, त्यात आरती फुगत नव्हती, फक्त चारी बाजूंनी थोडी थोडी कापली जात होती. जुन्या टीव्हीवर दिसायची तितकीच राहायची. ते बटण दाबायला एक क्षण लागतो, आणि त्या एका क्षणात नीलमनं आयुष्यभराचा निर्णय घेतल्यासारखं काही झालं नाही; तिला फक्त म्हातारी वाचवायची होती. तिनं दाबलं. कोपरा गेला. फाटकी रेघ गेली. तपकिरी बोटभर पट्टी राहिली, खुर्चीच्या लाकडाची. आरती हसत होती, पूर्वीसारखी, दरवर्षीसारखी.

"काहून कापलं?" आई म्हणाली.

"चित्र नीट दिसावं म्हणून, आई."

"नीट कोनाले दिसते? मले त कडंचंच दिसते. तेवढंच राह्यलं माह्याजवळ पाहाले, थे बी कापते तू." मग तिनं मान सरळ केली, म्हणजे आता समोरचा कोपरा तिच्या डागामागं गेला असणार, आणि साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं, दिवाणाकडं बोट करून म्हणाली, "यायचा हात होता तो."

"पंचफुला," बाबा म्हणाले. ते आईला नावानं हाक मारत नसत. नीलमनं इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

"मले काय खुर्ची सांगता? मी त्या खुर्चीच्या दुसऱ्या अंगाले उभी होती. इकडचा हात माह्याजवळ होता." आईनं आपला उजवा हात पुढं केला आणि हवेत मूठ वळली. "सकायपासून म्हणे, मले नाही कराचं. पाहाले आले तवाच तिनं सांगतलं होतं, आई, त्या मानसाची नजर चांगली नाही म्हणून. आमी म्हटलं, नजरेनं काय होते. त्या दिवशी त उठूनच चालली होती. मानसं जेवाले बसेल होते. भंतेजी येऊन बसले होते. यायनं इकून धरलं, मी तिकून धरलं. तो व्हिडिओवाला म्हणे, ताई हासा. हे दाबत. मी बी दाबलं. मंग हासली."

खोलीत आरतीचं लग्न सुरू होतं. सीन संपून आता लोक फुलं हातात घेऊन उभे राहिले होते, आवाज घरघरत होता, आणि पंचशील म्हणणारे जुने गळे, त्यांतले बरेच आता नाहीत, एका सुरात पुढं जात होते. नीलमला रडणं येईल असं वाटलं, ते आलं नाही. आलं ते हे, की या घरात दरवर्षी ही कॅसेट दोन माणसं माहीत असून पाहत होती आणि एक माणूस माहीत नसून. दोघं कुणाला फसवत होते, तिला, पाहुण्यांना, की एकमेकांना, ते तिला कळेना. हासत गेली म्हणताना बाबा कुणाकडं पाहत असत? त्या वेळी आई कायम चहा करायला उठायची. आणि आज हीच बाई म्हणाली होती की डोळे जायच्या आधी आरतीला एकदा दाखव.

"बंद कर थे," बाबा म्हणाले. ती वळली. त्यांनी डावा हात शालीखाली घेतला होता. त्यांचा चेहरा ओला नव्हता, रागावलेला नव्हता. फार म्हातारा होता. "नीलम. बंद कर म्हणतो मी."

"नको करू," आई म्हणाली. "मागं घे. आन् थे पह्यलेवानी पुरं कर. यायचा दिसला, त माहा बी दिसू दे."

नीलमनं मागं घेतलं. फीत आत किरकिरली, मोहसीननं सांगितलेलं तिला आठवलं आणि तिनं बटण सोडलं नाही. पूर्ण चित्र केलं. बदामातून आरती आली, मान खाली, मान वर, आणि डाव्या कोपऱ्यात चार बोटं, त्यांतलं एक अर्धं. उजव्या कडेला मांडवाचं पांढरं कापड होतं, ट्यूबलाइटचा तुकडा होता. आरतीचा डावा हात खांद्यापासून खाली चौकटीबाहेर गेला होता. कॅमेरा थोडा डावीकडं वळलेला असणार. आई मोड्यावर सरकून उजव्या कडेशी गेली, मान उलट्या बाजूला वाकडी केली, आणि काचेवर हात टेकवून शोधू लागली.

"दिसला?"

"नाही, आई."

"नीट पाह्य."

"नाही आहे तिथं. तुझ्या बाजूचं आलंच नाही."

"असंल. मी सोडलाच नव्हता. मागं घे एक खेप."

नीलमनं परत मागं घेतलं. बदामातून, मग नुसती, मग गुलाबातून. मागं बाबांच्या दिवाणाची फळी वाजली. ते उठत होते असं तिला वाटलं, पण ते पुढं सरकून बसले होते, आणि तेही उजव्या कडेकडंच पाहत होते. चित्रात आता पांढरे फटकारे येऊ लागले होते. "आता असंल," आई म्हणाली, "आता पाह्य," आणि ती तिघं त्या रिकाम्या पांढऱ्या कापडाकडं पाहत बसली. मधे आरती हसत होती. तिच्याकडं कुणी पाहत नव्हतं.